थंडीत कोंबडी अंड्यावर का येत नाही?

दिवाळी सरली की एटापल्ली भागातल्या घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : “साहेब, कोंबडी बसली, अंडीच देत नाही.” मग तिला बाजार दाखवला जातो. थांबा. दोष कोंबडीचा नसतो, दिवस लहान झालेला असतो.

आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम अकरा तासांचा. उजेड कोंबडीच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके, म्हणजे हार्मोन, सुटतात. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल नावाची ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. हे द्रव्य १९५८ साली अमेरिकेत एरन लर्नर यांनी गाईंच्या ग्रंथींतून वेगळे केले. मेलॅटोनिनमुळे प्रजनन रोखणारे संप्रेरक वाढते, असे जपानी लाव्यांवरील प्रयोगांत दिसले. रात्र लांबली की अंडी का आटतात, ते यावरून कळेल.

उपाय सोपा आहे. खुराड्यात पहाटे दिवा लावा. आज साडेसहाला उजाडत असेल तर पहिल्या आठवड्यात सहाला, पुढच्या आठवड्यात साडेपाचला, असे करत पहाटे चारपर्यंत या. वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येतील एवढा उजेड पुरे. वेळ रोज तीच ठेवा. उन्हाळ्यात दिवस मोठा होईपर्यंत मध्येच बंद करू नका, नाही तर कोंबड्या पिसे गाळतील.

मात्र काही पथ्ये पाळा :

१. रात्रभर दिवा ठेवू नका. आठ तास अंधार व विश्रांती हवीच.

२. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगांना जादा उजेड देऊ नका. त्या लवकर अंड्यावर येतात, अंडी बारीक पडतात, अंग बाहेर येण्याचा धोका असतो.

३. बांबूच्या खुराड्यात रॉकेलची चिमणी नको, आग लागेल. सौर दिवा वापरा.

४. नुसत्या उजेडाने अंडे होत नाही. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. धान्याच्या कण्यांबरोबर शिंपल्यांचा चुरा द्या.

५. पिसे गाळणाऱ्या वा खुडूक कोंबडीला विसावा द्या.

गावठी कोंबडी मुळातच थोडी अंडी देते, तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. गिरिराज, वनराज अशा सुधारित पक्ष्यांना या उजेडाचा फायदा अधिक होतो.

तेव्हा यंदा कोंबडी विकण्याआधी दिवा लावून पाहा. पोरांच्या ताटातले अंडे आणि घरातल्या बाईच्या हातातले चार पैसे थंडीतही टिकतील.