आधी ऐका, मग बोला
(मंडळाच्या सभेतील भाषण)



८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० च्या नोटा रद्द झाल्या. त्या खात्यात भरण्याची मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती. त्या गर्दीत माझ्या काउंटरवर लिंबायतच्या एक खानदेशी ताई आल्या. "स्लिप भरून आणा," असे मी दोनदा सांगितले, पण त्या हलेनात. मागे रांग ओरडू लागली. शेवटी मी पेन खाली ठेवून विचारले, "ताई, कसली काळजी आहे?" मग त्या हळूच अहिराणीत बोलल्या. साठवलेले पैसे घरी कळतील, ही भीती होती. "खाते तुमच्या एकटीच्या नावावर आहे, बँक घरी सांगत नाही," म्हटल्याबरोबर काम झाले. अडचण स्लिपची नव्हतीच!

समोरच्याचे म्हणणे त्याच्या जागी उभे राहून ऐका आणि आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करा, हे कार्ल रॉजर्स व रिचर्ड फार्सन यांनी १९५७ सालीच मांडले.

आपण पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत स्थिरावलो. निवडणूक आली की लिंबायत-उधन्याच्या आपल्याच बांधवांकडे जातो, सल्ले देतो, मते मागतो आणि परततो. पुढच्या वेळी आधी त्यांचे ऐकू या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!