पुराव्याचा भार कोणावर?

(परकीय नागरिकांविषयीचा कायदा, न्यायालयांचे निकाल आणि २०२५ मधील बदल या विषयावरील भाषणाचे संपादित रूप)



भाषणाचा प्रारंभ आकड्यांनी झाला की श्रोते सावरून बसतात किंवा पेंगू लागतात. तरीही या विषयात चार आकडे टाळून पुढे जाता येत नाही. कारण ते कोणा पक्षाच्या पत्रकातले नाहीत, सर्वोच्च न्यायालयाच्या १२ जुलै २००५ च्या निकालपत्रातले आहेत. आसामात १९८३ च्या कायद्याखाली ३० एप्रिल २००० पर्यंत ३,१०,७५९ प्रकरणांत चौकशी सुरू झाली. त्यांतून बेकायदा स्थलांतरित ठरले १०,०१५. प्रत्यक्षात देशाबाहेर गेले अवघे १,४८१. याउलट पश्चिम बंगालमधून १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात ४,८९,०४६ जणांना परत पाठवण्यात आले.

दोन्ही राज्यांची परिस्थिती सर्वस्वी सारखी नव्हती, हे मान्य. पण सीमा एकाच देशाशी होती आणि दिल्लीतले सरकारही एकच होते. मग एवढी तफावत का? बंगालमध्ये १९४६ चा परकीय नागरिक कायदा लागू होता. आसामसाठी मात्र १९८३ साली एक वेगळा कायदा रचण्यात आला होता. या दोहोंतील भेद एका प्रश्नाशी येऊन थांबतो : ‘हा मनुष्य परकीय आहे की नाही’ हे सिद्ध कोणी करायचे?

१९४६ च्या कायद्यातील नववे कलम याचे उत्तर निःसंदिग्धपणे देते. पुराव्याच्या कायद्यात काहीही म्हटलेले असो, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच व्यक्तीवर आहे. सामान्य फौजदारी न्यायाच्या हे उलट वाटते, आणि आहेही. पण त्यामागे युक्तिवाद आहे. आपला जन्म कोठे झाला, आईवडील कोण, ते कोठले, या गोष्टी ज्याच्या त्यालाच ठाऊक असतात. बांगलादेशातील कुठल्याशा खेड्यात कोणाचा जन्म झाला, हे धुबडीच्या फौजदाराने कसे सिद्ध करावे? जी वस्तुस्थिती एखाद्याच्या विशेष माहितीतली असते ती त्यानेच शाबीत करावी, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यातही होतेच.

आसामच्या १९८३ च्या कायद्याने, म्हणजे आयएमडीटी कायद्याने, हे तत्त्व गुंडाळून ठेवले. एखादा नागरिक तक्रार करू इच्छित असेल तर त्याला दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागत, शुल्क भरावे लागे. प्रारंभी तर तक्रारदार आणि संशयित तीन किलोमीटरच्या परिघात राहणारे हवेत अशी अट होती. पुढे ती एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीवर आली. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध प्रतिज्ञापत्र करायचे, पदरचे पैसे भरायचे आणि निकाल लागेपर्यंत त्याच वस्तीत राहायचे. असा कायदा चालावा म्हणून केला होता की चालू नये म्हणून, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर तत्कालीन सरन्यायाधीश लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. प्रत्येक राज्याचे परकीय आक्रमणापासून रक्षण करणे हे राज्यघटनेच्या ३५५ व्या कलमाने केंद्राचे कर्तव्य आहे आणि अनियंत्रित घुसखोरी हाही आक्रमणाचाच प्रकार होय, ही भूमिका न्यायालयाने घेतली. आसामचे तत्कालीन राज्यपाल, निवृत्त लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांनी १९९८ साली राष्ट्रपतींना पाठवलेल्या अहवालाचा आधारही निकालपत्रात आहे. निकाल लागला, पण केंद्र सरकारने २००६ साली केवळ आसामपुरता एक आदेश काढून पुराव्याचा भार मागील दाराने पुन्हा शासनावर टाकला. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. एकाच सरकारला एकाच मुद्द्यावर दीड वर्षात दोनदा न्यायालयाने थांबवावे, ही घटना विसरण्याजोगी नाही.

परकीयाला देशाबाहेर काढण्याच्या अधिकाराबद्दल आपल्या न्यायालयांत कधी संदेह नव्हता. १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात हा अधिकार निरंकुश असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की समता आणि जीविताचे संरक्षण देणारी १४ वे आणि २१ वे ही कलमे परकीयालाही लागू आहेत. परंतु देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क हा देशात कोठेही राहण्याच्या हक्काशी निगडित असून तो केवळ नागरिकांचा आहे. मात्र विहित पद्धतीवाचून कोणालाही बाहेर काढू नये, ही अट त्याच आदेशात आहे. आपल्या चर्चांतून पहिले वाक्य पुष्कळदा ऐकू येते, दुसरे क्वचित.

ते दुसरे वाक्य का महत्त्वाचे, हे ११ जुलै २०२४ च्या एका निकालाने दाखवून दिले. आसामातील एका रहिवाशाला परकीय न्यायाधिकरणाने २०१२ साली परकीय ठरवले होते. त्याची बाजू न ऐकता एकतर्फी निर्णय झाला होता. प्रकरण पुन्हा न्यायाधिकरणाकडे आले तेव्हा त्याने कागदपत्रे दिली, पण नावांच्या लेखनातील आणि तारखांतील तफावतींवर बोट ठेवून ती नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला भारतीय नागरिक घोषित केले. तोपर्यंत तो मनुष्य हयात नव्हता.

न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या पीठाने नववे कलम मोडीत काढले नाही, ते जागेवर आणले. भार संशयितावर आहे, हे खरेच. पण तो भार त्याच्या खांद्यावर ठेवण्यापूर्वी शासनाजवळ काहीतरी साधार सामग्री असली पाहिजे आणि ती त्याला दाखवली पाहिजे. कोणाचेही दार ठोठावून ‘तू परकीय आहेस असा आम्हांला संशय आहे, आता नाही हे सिद्ध कर’ असे म्हणण्याची मुभा ते कलम देत नाही. ऐकीव आरोप ही सामग्री नव्हे. नावातील ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा वयातील दोनचार वर्षांचा फरक हा ग्रामीण भारतात परकीयत्वाचा पुरावा ठरत नाही. मतदार यादी लिहिणारा कारकून जे ऐकतो ते लिहितो. आपल्याकडेही सातबाऱ्यावरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव तंतोतंत जुळणारी घरे किती सापडतील?

या निकालाकडे काहींनी घुसखोरांना मिळालेली सवलत म्हणून पाहिले. ते योग्य नव्हे. चौकशीची फाईल रिकामी असली की दोन्हीकडून हानी होते. खरा घुसखोर वरच्या न्यायालयात सुटतो आणि खरा नागरिक खालच्या न्यायालयात अडकतो. आसामच्या नागरिक नोंदणीत ३ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९,०६,६५७ जण वगळले गेले. त्यांत बंगाली हिंदू आणि गोरखा कुटुंबेही होती. तीन पिढ्या इथल्या मातीत राबलेल्यांची कागदपत्रे पुरात वाहून गेली होती आणि काल आलेल्या काहींची मात्र कोरी करकरीत होती.

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नागरिकत्व कायद्याचे ६-अ हे कलम चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवले. आसाम करारातून १९८५ साली आलेल्या या कलमानुसार १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले नागरिक ठरतात आणि त्यानंतर २५ मार्च १९७१ पूर्वी आलेल्यांना नोंदणीच्या मार्गाने नागरिकत्व मिळते. न्यायमूर्ती पारडीवाला यांनी विरोधी मत नोंदवले. वृत्तपत्रांचे लक्ष वैधतेवरच राहिले. परंतु बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती सूर्य कांत यांनी, जे पुढे सरन्यायाधीश झाले, २५ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना शोधून परत पाठवण्यासाठी २००५ च्या निकालातील निर्देश अमलात आणावेत, असे बजावले आहे. विद्यमान यंत्रणा आणि न्यायाधिकरणे या कामाला अपुरी आहेत, हेही त्यांत स्पष्ट आहे. शिवाय १९५० चा आसामपुरता निष्कासन कायदा, जो धूळ खात पडला होता, तो अजून जिवंत असल्याचे न्यायालयाने दाखवून दिले. त्याच आधारावर सप्टेंबर २०२५ मध्ये आसाम मंत्रिमंडळाने कार्यपद्धती ठरवली : जिल्हाधिकाऱ्याने संशयिताला नागरिकत्वाचा पुरावा देण्यासाठी दहा दिवस द्यायचे आणि समाधान न झाल्यास निष्कासनाचा आदेश काढायचा. दहा दिवस पुरेसे आहेत का, हा प्रश्न त्या कार्यपद्धतीची पहिली मोठी न्यायालयीन कसोटी ठरेल.

दरम्यान संसदेने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे रद्द करून त्यांच्या जागी ‘आप्रवासन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५’ आणला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आहे. वैध पारपत्र किंवा प्रवेशपत्रावाचून देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड. बनावट कागदपत्रे वापरल्यास किमान दोन आणि कमाल सात वर्षे. निवासगृहे, शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांना परकीय व्यक्तींची माहिती कळवावी लागते. पुराव्याचा भार मात्र या कायद्यातही जुन्या नवव्या कलमाप्रमाणेच व्यक्तीवर आहे. त्याच वेळी निघालेल्या सवलतीच्या आदेशाने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून वगळले. ही नागरिकत्वाची हमी नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीतील मुदत ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे. निर्वासितांमध्ये काम करणाऱ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा, अन्यथा भोळ्या माणसांना चुकीचे आश्वासन दिल्यासारखे होईल.

परकीय ठरला, पुढे काय? इथे प्रश्न न्यायालयाच्या दारातून परराष्ट्र खात्याच्या दारात जातो. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी आसामच्या मटिया येथील स्थानबद्धता केंद्रातील ६३ जणांविषयी राज्य शासनाने सांगितले की त्यांचे परदेशातील पत्ते ठाऊक नसल्याने त्यांना पाठवता येत नाही. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. देश कोणता हे ठाऊक असेल तर त्या देशाच्या राजधानीत पाठवा, पत्त्यावाचून वर्षानुवर्षे कोंडून ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. बोलणे बिनतोड आहे, पण दुसऱ्या देशाने आपला माणूस म्हणून स्वीकारल्याशिवाय विमान उतरत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून सीमेवरून परस्पर ढकलून देण्याचा मार्ग सोपा वाटतो. २०२५ च्या उन्हाळ्यात त्या सोप्या मार्गाची किंमतही दिसली. मुंबई परिसरात पकडून सीमेपार धाडलेले काही बंगाली मजूर भारतीय असल्याचे निष्पन्न होऊन त्यांना परत आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने दिल्लीतून पाठवल्या गेलेल्या काही जणांच्या निष्कासनाचे आदेश रद्द केले. केंद्रीय गृहखात्याच्याच २ मे २०२५ च्या सूचनेतील पडताळणी झालेली नाही, घाई झाली, असे न्यायालयाने म्हटले.

आता महाराष्ट्राकडे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ठाण्यातील एका संशयित बांगलादेशी व्यक्तीचा जामीन नाकारताना सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक होत नाही. त्याचे उत्तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातच शोधावे लागते. आधारच्या कायद्यातही तो क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचे लिहिलेले आहेच. मग पुरावा कोणता? १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला आपला जन्म इथला हे दाखवणे पुरते. त्यानंतर जन्मलेल्याला आईवडिलांपैकी एकाचे नागरिकत्व दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी एक पालक नागरिक असणे आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे आवश्यक आहे. म्हणजे सगळे येऊन ठेपते जन्माच्या दाखल्यावर.

म्हणूनच मालेगाव आणि अन्य ठिकाणी उशिरा झालेल्या जन्मनोंदणीची प्रकरणे गाजली. २०२३ च्या दुरुस्तीने वर्ष उलटून गेलेल्या नोंदींचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आला, दाखल्यांचा ओघ वाढला आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाला हे काम स्थगित करून चौकशी लावावी लागली. बोगस दाखला देणारा कारकून सीमेवरच्या दलालाइतकाच दोषी आहे.

परंतु त्याच चाळणीत आणखी कोणी अडकतात. पालावर जन्मलेला पारधी, गोपाळ, मसणजोगी यांची मुले कोणत्या नोंदवहीत आहेत? १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का पुसला गेला, त्यांच्या गाठीशी ना गाव आहे ना सातबारा. त्यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना शाळाप्रवेशापासून शिधापत्रिकेपर्यंत हीच अडचण रोज येते. बालकाची नोंद २१ दिवसांत केली तर ती विनाशुल्क होते. वर्ष उलटले की अर्ज, पंचनामा, चौकशी आणि महसुली दंडाधिकाऱ्याचा आदेश. मोलमजुरी करणाऱ्या आईला त्यासाठी तालुक्याला किमान चार खेपा घालाव्या लागतात, आणि चौथ्या खेपेपर्यंत पाल दुसऱ्या तालुक्यात गेलेले असते.