परतीची वाट सोपी करू या

एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून काम करताना माझ्यासमोर रजेचे अर्ज येतात. कुणी ‘अशक्तपणा’ लिहितो, कुणी ‘पाठदुखी’. जवळ बसवून विचारलं की कळतं, झोप उडाली आहे, कामावर निघताना छातीत धडधडतं. खरं कारण लिहायची लाज वाटते.

सौम्य नैराश्यात किंवा चिंतेच्या विकारात विश्रांती हवी, उपचारही हवेत. पण रजा लांबली की दुसरंच दुखणं सुरू होतं. स्टोअरमधला एक जण मला म्हणाला, “साहेब, आजाराची भीती गेली, आता गेटची वाटते.”

म्हणून त्याची हरकत नसेल तर वरिष्ठांनी अधूनमधून फोन करावा. कामाचं विचारायला नव्हे, ‘तुमची जागा तुमचीच आहे’ एवढं सांगायला. आजार खोदून विचारू नये. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

ब्रिटनमध्ये २०१०पासून डॉक्टर दाखल्यावर ‘सोय केल्यास काम करू शकेल’ असं लिहू शकतात. कमी-जास्त वेळ, बदललेलं काम, टप्प्याटप्प्याने रुजू होणं, अशा त्या सोयी. आपल्याकडेही पहिला आठवडा अर्धा दिवस, काही दिवस रात्रपाळी नाही, एवढं खातेप्रमुखाला ठरवता येतं.

कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

पाय मोडून परतलेल्याला आपण खुर्ची देतो. मन थकून परतलेल्याला थोडी सवड देऊ या.