नांदगांवचा रस्ता आणि पायीं चालणारे



1900 च्या सुमारास मनमाड-औरंगाबाद लोहमार्ग खुला होईपर्यंत वेरुळास जाणारे प्रवासी आपल्या नांदगांव स्टेशनावर उतरून पुढें टांग्यानें जात. त्या काळच्या चालीस जुळलेल्या गांवांतून आज मालमोटारी धांवतात. रस्ता रुंद करा, ही मागणी सर्वांच्या तोंडीं आहे. मला ती अपुरी वाटते. रस्ता मोकळा दिसला कीं चालक वेग वाढवितो, आणि वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागतें. शाळेच्या दारांतून धांवत निघालेल्या पोरास हा हिशेब कोण सांगणार?

इंडियन रोड्स काँग्रेसनें ठरविलेला गोल उंचवटा 3.7 मीटर लांबीचा व मध्यें अवघा 10 सेंटिमीटर उंच असतो. ताशीं 25 किलोमीटर वेगानें त्यावरून गाडी सुखानें जाते. पुष्कळ गांवीं मात्र डांबराचा ढीग ओतून, पांढरा पट्टाही न ओढतां, त्यालाच गतिरोधक म्हणतात. त्यानें वेगापेक्षां म्हाताऱ्यांचें कंबरडेंच अधिक मोडतें!

पदपथ, गटारांस झांकणें व दिवे आधीं, डांबर मागाहून, हा क्रम नगरपरिषदेनें आराखड्यांत घालावा, अशी विनंती आपण करूं. अर्ज दाराशीं मेजावर ठेवला आहे. जातांना सही करावी.