न पाहिलेल्याचा आनंद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात मी पापड लाटायला आणि सतरंज्या घालायला पुढे, बोलायला मागे. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "दरवर्षी तुम्ही आमचे ऐकता, यंदा तुमच्या धर्मातले काही सांगा." तेव्हा आपल्यातल्याच एका वहिनींनी मला विचारलेला प्रश्न आज घेते. त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही येशूला पाहिलेले नाही, घरात मूर्तीही ठेवत नाही. मग रविवारी एवढ्या आनंदाने गाता, ते कोणाकडे पाहून?"

मला या प्रश्नाचा राग आला नाही. येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमा याचेही असेच म्हणणे होते. येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, असे आम्ही मानतो. त्या संध्याकाळी तो शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तेथे नव्हता. हातांवरचे खिळ्यांचे वण पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असे तो म्हणाला. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि बोट घाल म्हणाला. थोमाने घातले की नाही, हे योहान लिहीत नाही. तो एकदम शरण गेला, एवढेच लिहितो. मग येशूने, न पाहता जे विश्वास ठेवतात ते धन्य, अशा अर्थाचे शब्द काढले.

लोक थोमाला संशयी म्हणतात. मला ते पटत नाही. बाकीच्यांनी तरी न पाहता कोठे मानले होते? कबरेकडे पहिल्यांदा गेल्या त्या बायका. त्यांनी येऊन सांगितले, तर पुरुषमंडळींना ती नुसती बडबड वाटली, असे लूक लिहितो. (येथे आपल्यापैकी बऱ्याच जणी हसतील, हे मला ठाऊक होते!) आणि हाच थोमा पुढे हिंदुस्थानात आला, अशी केरळातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी परंपरा आहे. पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा, ज्यांनी काहीच पाहिले नव्हते त्यांना सांगायला एवढ्या दूर आला.

आता घरचे सांगते. माझ्या सासूबाई आपणां सर्वांना माहीत आहेत. त्यांची नजर काचबिंदूने गेली. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांतला दाब तपासून घेत जा, हे जाता जाता सांगते. आम्ही प्रार्थना पुष्कळ केल्या. पाळकसाहेब येऊन करून गेले, नात्यातल्यांनी उपास केले. शुभवर्तमानात बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याला येशू दृष्टी देतो. ती गोष्ट त्या काळात आमच्या घरी वाचायला घेतली की माझा आवाज अडत असे. बार्तीमयाला दिसू लागले, सासूबाईंना नाही. पहिले वर्ष त्या रात्री रडत, आणि आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरत. हे मी लपवून ठेवले तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

माझा धाकटा त्यानंतरचा. त्याचे तोंड त्यांनी कधी पाहिलेले नाही. तो आता नववीत आहे. जिन्यात चपला वाजल्या की त्या म्हणतात, "आला गं, चहा टाक." त्याच्या कपाळावरून हात फिरवतात आणि नाक आजोबांवर गेले म्हणतात. न पाहिलेल्या नातवावर तुमचा जीव कसा, असे त्यांना कोणी विचारीत नाही. एकदा मी म्हटले, "आत्या, नातू हाताला लागतो, येशू कोठे लागतो?" त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या पोटात होता तेव्हा कोठे हाताला लागत होता? तेव्हाही माझाच होता की." यावर मला पुढे बोलता आले नाही.

त्यांना पेत्राचे पहिले पत्र फार आवडते. आता मी वाचते, त्या ऐकतात. ते पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया अशा प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेल्या लोकांना लिहिलेले आहे. पेत्र येशूबरोबर राहिला, जेवला, हिंडला. आणि पकडापकडीच्या रात्री कोंबडा आरवण्याआधी तीनदा, मी त्याला ओळखत नाही, म्हणाला. पाहून त्याचे काय झाले ते त्यालाच माहीत! तोच पेत्र या लोकांना लिहितो की, तुम्ही त्याला न पाहता त्याच्यावर प्रीती करता आणि शब्दांत न मावणारा आनंद करता. त्या लोकांचे दिवस सुखाचे नव्हते. त्यांच्यावर दुःखे होती, आणि त्याच ओळींच्या मागेपुढे पेत्र ती बोलून दाखवतो. सोने आगीत पारखावे तसा तुमचा विश्वास पारखला जात आहे, असे सांगतो. दुःख संपल्यावर आनंद करा, असे त्याने लिहिलेले नाही. सासूबाई रविवारी गातात तो आनंद यातला आहे. डोळे मिळाल्याचा तो नव्हे.

हा आनंद विद्वानांनाही एकदम मिळतो असे नाही. पंडिता रमाबाईंएवढे शास्त्र कोणाला येत होते? त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण पुढे १९०७ साली आपली हकीकत लिहिताना त्यांनी सांगितले की, धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो त्यांना आठ वर्षांनी सापडला. आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊ गेला, पती लवकर गेले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमाबाई गेल्या. स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. या अखेरच्या काळात त्या बायबलचे सोपे मराठी भाषांतर करीत होत्या, बाईमाणसाला कळेल असे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आंधळ्या स्त्रियांसाठी एक घर काढले आणि त्याला नाव दिले बार्तीमी सदन. तेथल्या बायकांनाही दृष्टी आली नाही. त्या बोटांनी वाचायला शिकल्या. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ आपली बोटे चोळीत बसल्या होत्या.

केडगाव पुण्याहून दौंडच्या गाडीने जवळ आहे, आणि मुक्ती मिशन आजही आहे. पुढच्या वर्षी मंडळाची सहल काढायची ठरली, तर तिकडे न्यावी अशी माझी सूचना आहे. सासूबाईंनी आपले नाव आत्ताच माझ्याकडे दिले आहे.