किल्ली कोणाकडे?
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या मंडळाची वधू-वर सूचक नोंदवही पूर्वी कार्यालयातील कपाटात कुलपात असे. चिटणिसांच्या समोर बसूनच ती पाहावी लागे. यंदा ती संकेतस्थळावर आणावी असा प्रस्ताव आहे. देशोदेशी विखुरलेल्या ज्ञातिबांधवांची त्याने मोठी सोय होईल. आमचा त्यास विरोध नाही. मात्र त्या नव्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

असे विचारण्यास कारण घडले आहे. आमच्या एका नातीची माहिती विवाह जुळविणाऱ्या एका संकेतस्थळावर दिली होती. छायाचित्र, जन्मवेळ, पगार, पत्ता, भ्रमणध्वनीचा क्रमांक, सारे काही. यथावकाश विवाह झाला. नोंद काढावी असे कळविताच ती दिसेनाशी झाली. परंतु अपरिचितांचे दूरध्वनी पुढे वर्षभर येत राहिले आणि सासरी तिला खुलासे करीत बसावे लागले. नोंद दिसेनाशी होणे निराळे आणि पुसली जाणे निराळे, हे आम्हांस तेव्हा उमगले. अधिक खेदाची गोष्ट ही, की तो अर्ज आम्हीच भरला होता. तिला विचारले नव्हते. आजोबांना विचारावे कशाला लागते, अशी आमची समजूत होती.

संकेतस्थळाच्या पत्त्याआरंभी 'एचटीटीपीएस' ही अक्षरे दिसली की पुष्कळांस निर्धास्त वाटते. त्यांचा अर्थ इतकाच, की आपला मजकूर वाटेत कोणास वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात जातो. टपालाची थैली मोहोरबंद असते, तसेच हे. थैली मुक्कामी फुटल्यावर आतील पत्र कोण वाचतो, त्याची नक्कल कोण करतो, हे त्या मोहोरेवरून कळत नाही. ते सांभाळणाऱ्याच्या सचोटीवर व शिस्तीवर अवलंबून असते.

आता ही बाब केवळ सचोटीवर सोडलेली नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ८० वर्षे उलटल्यावर, २०१२ साली, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच प्रकरणात ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावीत, अशी त्यांत योजना आहे. माहिती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगावे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यावी. काम संपल्यावर माहिती पुसावी. ती फुटल्यास संबंधितांस कळवावे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. आपले मंडळ धर्मादाय आहे म्हणून आपण यातून सुटतो, असे कोणी समजू नये.

परंतु दंडाच्या भयाने नव्हे, तर घरातील लेकीबाळींच्या मानाखातर आम्ही कार्यकारिणीस चार सूचना करतो. सज्ञान मुलामुलींच्या नोंदीस संमती त्यांची स्वतःची असावी. वडीलधाऱ्यांची सही तिच्या जागी चालू नये. पत्ता व क्रमांक सर्वांस दिसू नयेत. उभय पक्षांनी होकार दिल्यावरच ते एकमेकांस कळावेत. नोंदवही कोणी केव्हा उघडली याची टिपणी राहावी. आणि विवाह ठरल्याचे कळताच नोंद, छायाचित्र व त्यांच्या राखीव प्रतीदेखील ठरलेल्या मुदतीत पुसाव्यात.

ठेव ठेवून घेणाऱ्याने ती आपली मानू नये, ही आपल्या वाडवडिलांची रीत. मुलीची माहिती ही तिची ठेव आहे. ती मंडळाची नव्हे, आणि आजोबांचीही नव्हे. हे आम्ही उशिरा शिकलो. आपण वेळीच शिकावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.