पाहुण्याचा पैसा, किनाऱ्याची झाडलोट

मंडळी, अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तिथे समुद्रकाठी पोर्ट अरॅन्सस हे लहान गाव आहे. कायम राहणारी माणसे सुमारे ३,०००. पाहुणे मात्र रग्गड! पाहुणा येतो, वाळूत बसतो, खातो-पितो, कचरा टाकून जातो. लाटांबरोबर समुद्राचे शेवाळही येते. ते कुजले की घाण वास सुटतो. हे सारे झाडायचे कुणी? गावकऱ्याने, घरपट्टी भरून? आम्हांला ते बरोबर वाटत नाही.

तिथली रीत ऐका. हॉटेलच्या खोलीचे भाडे १०० डॉलर झाले, तर पाहुणा वर ६ डॉलर राज्याचा कर देतो. हॉटेलवाला तो सरकारात भरतो. त्यातले २ डॉलर किनारा साफ ठेवायला गावाकडे परत येतात.

म्हणून किनारा हॉटेलवाल्याचा झाला का? नाही हं! १९५९ च्या कायद्याने लाटांजवळची वाळू सर्वांना मोकळी आहे. तिथे कुंपण चालत नाही.

पण पाहुणा आला, तरच पैसा. ऑगस्ट २०१७ मध्ये मोठे वादळ झाले. हॉटेले मोडली. खोल्याच नाहीत, तर कर कुठला? आणि उपसायचा ढिगारा तर तेव्हाच जास्त.